घेतलेल्या वस्तूचा पस्तावा

मागच्या वेळी आपण संकल्पस्वातंत्र्यावर बोललो. त्यानंतर एका श्रोत्यानं विचारलं, की बाविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या भरात, कर्ज काढून महागडी मोटारसायकल घेतली. ती केव्हाच विकली, पण हप्ते आठवले की आजही पोटात कालवतं. याबद्दल तत्त्वज्ञान काही म्हणतं का?

म्हणतं, आणि बरंच म्हणतं. या विषयात आम्हीही काही कोरडे नाही, ते पुढं कळेलच.

आधी एक गल्लत दूर करू. आमच्या वयाची चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, ‘तेव्हा त्या पैशांचं सोनं घेतलं असतं तर!’ हा पस्तावा नव्हे. सोन्याचा भाव पुढं कुठं जाणार हे 1974 साली आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? जे ज्ञान हाताशी नव्हतंच, ते वापरलं नाही म्हणून स्वतःला दोषी कसं धरणार? याला हळहळ म्हणा. पस्तावा तिथं लागू होतो, जिथं त्या क्षणी आपल्याला माहीत होतं, आणि तरीही आपण ते केलं.

आणि इथंच जुना पेच आहे. माहीत असून माणूस चुकीचं करतो कसं? प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ संवादात सॉक्रेटिस म्हणतो, असं होतच नाही. जवळची वस्तू डोळ्याला मोठी दिसते, लांबची लहान. तसंच जवळचं सुखही मोठं वाटतं. म्हणजे चूक मापण्यातली, अज्ञानाची. दुकानाच्या काचेसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल.

ॲरिस्टॉटलला मात्र हे पुरेसं वाटत नाही. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सातव्या पुस्तकात तो म्हणतो, की ज्ञान असणं वेगळं आणि ते त्या क्षणी जागं असणं वेगळं. प्यालेला माणूससुद्धा एम्पेडोक्लिसच्या ओळी घडाघडा म्हणून दाखवतो. आपल्याकडं पोरं झोपेत पाढे म्हणतात ना, तसंच. तोंडात आहे, कामाला येत नाही. या असंयमाचे तो दोन प्रकार करतो. एक उतावळा, जो विचारच करत नाही. दुसरा दुबळा, जो विचार करतो, ठरवतो आणि ठरवलेलं मोडतो. त्यातल्या त्यात उतावळा बरा, असं त्याचं मत आहे. म्हणूनच बहुधा आपण सगळे म्हणतो, ‘भरात घेतली हो!’

आम्हीही पुष्कळ वर्षं तसंच म्हणत होतो. 1974 साली आम्ही पुण्यात नवे अधिव्याख्याते होतो. महागाई भडकलेली. गावाकडं, सातारा जिल्ह्यात, अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. दिवाळीनंतर मिरजेला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी आम्ही दरमहा डब्यात पैसे टाकत होतो. साडेतीनशे जमले होते. ऑगस्टात कॅम्पातल्या एका दुकानात वापरलेला जपानी कॅमेरा दिसला. 120चा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो. डबा रिकामा झाला. घरी कार्ड टाकलं, ‘पगार लांबला आहे, ऑपरेशन उन्हाळ्यात करू.’ तेव्हा पगार खरोखरच लांबायचे, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. अण्णांनी ते कार्ड शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतंच.

आता यात भर कुठं होता? त्या दुकानासमोरून आम्ही तीन संध्याकाळी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी डब्यातले पैसे खिशात घालून निघालो होतो. म्हणजे आम्ही दुसऱ्या प्रकारातले. हे स्वतःशी मान्य करायला आम्हाला, सातवं पुस्तक वर्गात शिकवत असूनही, वीसेक वर्षं लागली.

रोलला पैसे उरत नव्हते, म्हणून कॅमेरा बहुतेक कपाटातच राहिला. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, पुढं जाड भिंगांचा चष्मा लागला. अण्णांनी आमच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘वाळलास रे तू. पगाराचे फार हाल झाले का?’

स्पिनोझा म्हणेल, आता पस्तावून काय उपयोग? ‘एथिक्स’च्या चौथ्या भागात तो स्पष्टच सांगतो, की पश्चात्ताप हा सद्गुण नाही; पस्तावणारा दोनदा दुःखी होतो. एकदा वासनेनं, एकदा दुःखानं. मात्र तो लगेच जोडतो, की माणसं विवेकानं क्वचितच जगतात, तेव्हा अशा भावनांनी तोट्यापेक्षा फायदाच जास्त होतो. ॲरिस्टॉटलचं म्हणणं आणखी थेट आहे: ज्याला पस्तावा होतो तो सुधारू शकतो, ज्याला होतच नाही, त्याचं दुखणं असाध्य. आमचा कल इकडं आहे. पण एका अटीवर. पस्तावा नेमका कशाचा, हे नीट शोधलं पाहिजे. आम्हाला साडेतीनशे रुपयांचा पस्तावा नाही. कॅमेऱ्याचाही नाही, तरुण वयात कॅमेरा हवासा वाटणं यात गैर काय? डब्यावर अण्णांचं नाव होतं आणि ते आम्ही तीन संध्याकाळ बाजूला सारत होतो, त्याचा आहे. त्या कार्डाचा तर आहेच.

तेव्हा मोटारसायकलवाल्या श्रोत्याला आमचा उलटा प्रश्न: ती घेताना कुणाचं नाव बाजूला सारलं होतंत? कुणाचंच नसेल, तर तुम्हाला जे वाटतं ते हळहळीच्या खात्यात टाका आणि मोकळे व्हा. स्वतःच्या पैशानं चार वर्षं वारा खाल्लात, एवढंच. नाव आठवत असेल, आणि ते माणूस हयात असेल, तर हप्त्यांचा हिशोब सोडा आणि त्याच्याशी बोला. आम्ही अण्णांशी बोललो नाही.

त्या दिवाळीत ‘मित्राचा आहे’ असं सांगून कॅमेरा गावी नेला होता. अण्णांचा आमच्याकडं असलेला एकच बरा फोटो त्यातला आहे. अंगणात बसलेत, फेटा नीट बांधलाय. नजर मात्र भिंगाकडं नाही, थोडी डावीकडं आहे. आम्ही तिकडून आवाज दिला होता.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.