पर्ल भाषेतील हॅश आणि त्यांचे निर्देश

लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल या संगणकीय भाषेत ‘हॅश’ ही एक अत्यंत उपयुक्त रचना आहे. हॅश म्हणजे किल्ली व तिचे मूल्य अशा जोड्यांचा समुच्चय होय. प्रत्येक किल्लीपाशी एकच सुटे मूल्य राहू शकते. दुसरा संपूर्ण हॅश तेथे मावत नाही. मग जिल्हा, तालुका आणि शब्द अशा तीन पायऱ्यांची बोलींची सूची साठवावयाची कशी? १९९४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने या प्रश्नाचे उत्तर ‘निर्देश’ म्हणजे रेफरन्स या कल्पनेने दिले. निर्देश हे आतील हॅशचा पत्ता सांगणारे सुटे मूल्य असते. बाहेरील हॅशमध्ये राहतो तो पत्ता. घर अन्यत्र असते.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. बाहेरील हॅशची प्रत करताना पत्त्यांची प्रत होते, घरांची नव्हे. मूळ सूची सुरक्षित आहे असे समजून संशोधकाने प्रतीतील एखाद्या तालुक्याची शब्दनोंद बदलली, तर मूळ सूचीही बदलते. आणि यंत्र त्याविषयी चकार शब्द काढीत नाही. यास्तव जेथे संपूर्ण स्वतंत्र प्रत हवी, तेथे ‘स्टोरेबल’ या मोड्यूलमधील ‘डीक्लोन’ची योजना करावी लागते.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. अमुक तालुक्यात अमुक शब्द आढळतो काय, एवढे विचारले, तरी तो तालुका सूचीत नसल्यास त्याच्या नावाचा रिकामा हॅश आपोआप निर्माण होतो. पुढे तालुक्यांची गणना केली की ती फुगलेली निघते. प्रथम जिल्हा, मग तालुका, अखेरीस शब्द, असे पायरीपायरीने विचारणे हाच यावरील उपाय.

निर्देश मूल्याच्या जागी ठेवावा, किल्लीच्या जागी नव्हे. साध्या हॅशमध्ये किल्ली होताच त्याचे नुसत्या अक्षरमालेत रूपांतर होते व तिच्यावरून मूळ हॅशपर्यंत पोचता येत नाही. तसेच, पर्ल प्रत्येक हॅशकडे येणारे निर्देश मोजते आणि ती संख्या शून्य झाल्यावरच जागा मोकळी करते. तालुक्याच्या हॅशमध्ये जिल्ह्याचा उलट निर्देश ठेवल्यास ती संख्या शून्यावर येतच नाही. असा उलट निर्देश ‘वीकन’ने दुर्बल करावा लागतो.

तात्पर्य, हाती आहे ते मूल्य की पत्ता, हा प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारल्यावाचून सूचीवरून काढलेल्या निष्कर्षांवर विसंबता येत नाही.