अडलेला नट आणि योग्य पाना

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला आपल्या माण तालुक्यात लांबलांबून मोटारी येतात. गलाईच्या धंद्यासाठी परप्रांती गेलेले आपले बांधवही आता बहुधा स्वतःच्याच गाडीने गावी येतात. समजा, अशी एक गाडी फलटणहून दहिवडीकडे येताना मोगराळे घाटात पंक्चर झाली. ऊन डोक्यावर, गाडीत म्हातारी माणसे आणि मुले. चाकाचे बाकीचे नट सैल झाले. एक मात्र हलेना. त्याचे डोके निराळेच, गाडीतला पाना त्यावर बसतच नाही. मग दगड येतो, छिन्नी येते आणि अर्ध्या तासात तो नट झिजून गुळगुळीत होऊन बसतो. वस्तुतः त्याची किल्ली त्याच गाडीच्या डिकीत, एका लहानशा पिशवीत पडून होती!

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण माणसांच्या बाबतीत खरी असेल. नटाच्या बाबतीत ती साफ खोटी आहे. येथे बळापूर्वी ओळख हवी. हा नट असा का केला, हे एकदा कळले म्हणजे तो कसा सोडवावा हेही कळते. चमत्कारिक नट-बोल्टांचे मला तीन वर्ग दिसतात: सुरक्षिततेसाठी वेगळे केलेले, इतिहासाने वेगळे ठेवलेले आणि परक्या हाताला अडवण्यासाठी घडवलेले.

पहिल्या वर्गाचे उदाहरण घरोघरी आहे. सायकलचे डावे पेडल काढून पाहा. त्याचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले म्हणजे सुटते. पाय मारताना पेडलचा दांडा आपल्या भोकात किंचित लोळत असतो; आटे सरळ असते, तर तो हळूहळू सुटून गेला असता. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नटही ह्याच विचाराने उलट्या आट्यांचे केलेले असत. ज्याला हे ठाऊक नाही तो पान्यावर उभा राहून जोर करतो, नट अधिकच आवळतो आणि शेवटी स्टड मोडतो. वेल्डिंगच्या दुकानात ॲसिटिलीनची जोडणी उलट्या आट्यांची आणि ऑक्सिजनची सरळ आट्यांची असते. एकाची नळी चुकून दुसऱ्याला बसू नये, एवढाच त्यातला हेतू. म्हणून नट हटून बसला, तर आधी विचारावे: हा उलटा तर नाही ना?

दुसरा वर्ग इतिहासाचा. 1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनी मळसूत्राचे पहिले सर्वमान्य माप सुचवले. त्याच्या आट्यांचा कोन 55 अंशांचा. 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्स ह्यांनी 60 अंशांचा कोन पुढे आणला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची यंत्रे एकमेकांच्या कारखान्यांत दुरुस्त होईनात, तेव्हा डोळे उघडले आणि 1948 साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा ह्यांनी एक सामाईक इंची माप ठरवले. आपल्याकडे ह्या साऱ्या वंशावळी एकाच गॅरेजात नांदल्या. मॉरिसच्या घराण्यातली जुनी ॲम्बॅसडर इंची मापाची, फियाटच्या घराण्यातली प्रीमियर मिलिमीटरची. आणि 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुतीही मिलिमीटरचीच.

अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसतो खरा, पण 0.3 मिलिमीटर सैल बसतो आणि तेवढ्याने कडक नटाचे कोपरे जातात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर; तेथे मात्र 19 चा पाना बहुधा निभावतो. जुन्या व्हिटवर्थ पान्यावर तर तोंडाचे नव्हे, बोल्टाच्या जाडीचे माप कोरलेले असते. त्याच्या अर्ध्या इंचाच्या पान्याचे तोंड सुमारे 23.4 मिलिमीटर भरते. तेव्हा आकड्यावर न विसंबता पाना बसवून, हलवून पाहावा. चौफुली खाचेच्या स्क्रूंचेही असेच. जपानी घडणीच्या स्क्रूची खाच अमेरिकी फिलिप्स खाचेहून थोडी वेगळी असते. पुष्कळदा त्याच्या डोक्यावर एक बारीक टिंब असते. त्यात फिलिप्स टोक घातले की ते उसळी मारून बाहेर येते आणि खाच जाते.

तिसरा वर्ग अडवणुकीचा. 1967 साली निघालेला सहा पाकळ्यांचा तारा, म्हणजे टॉर्क्स, मुळात चांगल्या हेतूचा: त्यात टोक घसरत नाही. त्याच्या मधोमध एक लहानशी खुंटी ठेवली, की साधी स्टार-की आत जात नाही. येथे ॲलन की ठोकून बसवण्याचा मोह टाळावा. भोक असलेली स्टार-की काही महाग नसते. चाकाचा कुलूप-नट ह्याच जातीचा, पण तो चोरासाठी आहे, मालकासाठी नव्हे.

मात्र सारीच कुलपे चोरांसाठी नसतात. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटारकंपन्यांना दंड सुनावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि खास हत्यारे स्वतंत्र कारागिरांना मिळू दिली जात नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. 2022 च्या डिसेंबरात केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्काविषयी एक संकेतस्थळही सुरू केले. दहिवडी-म्हसवडच्या कारागिराला योग्य पाना मिळणे हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि आपल्या सोयीचाही.

आता नट खरोखरच गंजून अडला असेल, तर काय करावे? आमच्या कोरड्या मुलखात गंज कोकणाएवढा नाही, पण धूळ भरपूर. प्रथम खाच साफ करावी, पातळ तेल सोडून थांबावे, सहा कोनी गोटी पाना घट्ट बसवावा, हातोड्याने हलके ठोकावे आणि किंचित आवळून मग सोडवावे. डोके पार गेलेच, तर वेल्डर त्यावर नवा नट जोडून देतो. त्या उष्णतेने आटेही सैल होतात. पेट्रोल, ब्रेक आणि रबर ह्यांच्या जवळ मात्र ज्योत नेऊ नये.

आणि काही ठिकाणी हातच लावू नये. गाडीची मोठी स्प्रिंग योग्य दाबयंत्रावाचून, दोर बांधून काढू नये. ती सुटली तर माणसाचा जीव घेते. पुष्कळ नव्या इंजिनांच्या हेडचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणलेले असतात. ते काढले, की पुन्हा नवेच घालावे लागतात. चाकाचे नट पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळावेत.

आज घरी गेल्यावर गाडीची डिकी उघडा, ती लहानशी पिशवी शोधा, त्यातली किल्ली चाकाला लावून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. ते घराच्या सावलीत करावे, घाटातल्या उन्हात करू नये.