परिचर्येची पदवी निवडताना : घरबसल्या काय मिळते, काय मिळत नाही

बारावीचे निकाल लागले की आपल्या शाळेत पालकांची ये-जा वाढते. अलीकडे त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : "मुलीला नर्सिंगला घालायचे आहे. घरबसल्या ऑनलाइन पदवी मिळते असे म्हणतात, घ्यावी का?" मुंबई-पुण्यात किंवा परदेशात परिचारिका म्हणून नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थिनींचा प्रश्न थोडा वेगळा असतो. 'नर्स प्रॅक्टिशनर' नावाच्या पदवीच्या जाहिराती त्यांना रोज दिसतात आणि त्यांतली कोणती खरी, कोणती निरुपयोगी, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. स्मरणिका घराच्या कपाटात वर्षानुवर्षे राहते, म्हणून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

उत्तराचा गाभा आरंभीच सांगतो. ज्या मुलीला नव्याने परिचारिका व्हायचे आहे, तिला आपल्या देशात कोणतीही ऑनलाइन पदवी परिचारिकेची नोंदणी मिळवून देत नाही. जी आधीच नोंदणीकृत परिचारिका आहे, तिला पुढील शिक्षणातील काही सैद्धांतिक भाग दूरस्थ पद्धतीने शिकता येतो. परंतु रुग्णाच्या खाटेजवळचे शिक्षण तिलाही चुकत नाही. असे का, ते आता पाहू.

शुश्रूषेचे पाच गुण

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने गळून गेलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून बिछान्यावर निजवले. त्यानंतर तथागतांनी संघाला एकत्र बोलावून रुग्णसेवेचे महत्त्व समजावले. त्याच ठिकाणी उत्तम शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. पथ्य काय आणि अपथ्य काय, हे कळले पाहिजे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा केली पाहिजे. मलमूत्र, वांती यांची त्याला किळस येता कामा नये. आणि रुग्णाच्या मनाला योग्य वेळी धीर देता आला पाहिजे.

यांतील पहिले दोन गुण पुस्तकातून काही अंशी शिकता येतात. उरलेले तीन मात्र रुग्णाच्या सहवासातच अंगी बाणतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करताच निधन पावल्या. अशी सेवा पडद्यावरून शिकवता येत नाही, आणि परिचर्या शिक्षणाचे आजचे नियमही याच जाणिवेवर उभे आहेत.

'नर्स प्रॅक्टिशनर' म्हणजे कोण?

सामान्य परिचारिका डॉक्टरांनी ठरवलेल्या उपचारांची अंमलबजावणी करते आणि रुग्णाची देखभाल सांभाळते. नर्स प्रॅक्टिशनर ही त्यापुढची पायरी आहे. ती रुग्णाला तपासते, चाचण्या सांगते, निदानाच्या दिशेने विचार करते आणि कायद्याने आखलेल्या मर्यादेत औषधोपचारही ठरवते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ मध्ये परिचारिका लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर सहज पोहोचत नाहीत अशा ठिकाणच्या मुलांना आरोग्यसेवा मिळावी, ही त्यामागची प्रेरणा होती. फोर्ड बाईंचे २०२५ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी निधन झाले.

भारतात हे पद अजून बाल्यावस्थेत आहे. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. तो निवासी स्वरूपाचा आहे. म्हणजे विद्यार्थिनी बहुतांश वेळ अतिदक्षता विभागात प्रत्यक्ष काम करत शिकते. प्रसूतिसेवेसाठीही १८ महिन्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण आहे. मात्र येथील नर्स प्रॅक्टिशनरला अमेरिकेप्रमाणे स्वतंत्र दवाखाना थाटता येत नाही. ती रुग्णालयाने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीतच काम करते. हा फरक लक्षात न घेता जाहिरात वाचली, तर गैरसमज होणे अटळ आहे.

शिडीच्या पायऱ्या

या पदापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि एखादी गाळून पुढे जाता येत नाही.

पहिली वाट ए.एन.एम.ची. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून कोणत्याही शाखेतून बारावी झालेली मुलगी त्यास पात्र ठरते. दुसरी वाट जी.एन.एम.ची, तीन वर्षांची. तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंगची, चार वर्षांची. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि त्यांत एकत्रित किमान ४५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. महाराष्ट्रात या पदवीसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकेला दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.तून पदवीधर होता येते.

आता हिशेब मांडू. बी.एस्सी.ची चार वर्षे, प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या अनुभवाचे किमान एक वर्ष आणि निवासी अभ्यासक्रमाची दोन वर्षे, अशी बारावीनंतर किमान सात वर्षे होतात. जी.एन.एम.च्या वाटेने गेल्यास किमान आठ. म्हणून बारावी झालेल्या मुलीला कोणी थेट 'नर्स प्रॅक्टिशनर' करून देतो म्हणाला, तर तेथेच थांबावे.

ऑनलाइनचा प्रश्न

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने कोणते विषय शिकवता येणार नाहीत, याची यादी दिली आहे. वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, भौतिकोपचार यांच्याबरोबर नर्सिंगही त्या यादीत आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९० च्या दशकात पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने आणला, हे खरे. तो मात्र नोकरीत असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी होता आणि त्यातही रुग्णालयातील प्रात्यक्षिके बंधनकारक होती. या उदाहरणाचा दाखला देऊन बारावीच्या मुलीला घरबसल्या पदवीचे आमिष दाखवणे, ही शुद्ध दिशाभूल आहे.

'रुग्ण सहायक' किंवा 'नर्सिंग असिस्टंट' अशा नावांची अल्पमुदतीची प्रमाणपत्रे सर्वत्र मिळतात. त्यांच्या आधारे खासगी दवाखान्यात मदतनीसाचे काम मिळू शकते आणि त्या कामात कमीपणा काहीच नाही. परंतु हे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीची परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, तिला परिचारिकेच्या शासकीय पदासाठी अर्ज करता येत नाही आणि पुढच्या पायरीवरही चढता येत नाही. मोलमजुरी करून किंवा कर्ज काढून फी भरणाऱ्या घरासाठी हा फरक तीन वर्षांनी कळणे फार महागात पडते. पैसा पुन्हा उभा करता येईल. मुलीची गेलेली वर्षे परत येत नाहीत, आणि अनेक घरांत त्यानंतर तिला दुसरी संधी दिली जात नाही.

प्रवेशापूर्वी विचारायचे प्रश्न

केवळ कोणी सांगितले म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून विश्वास ठेवू नका. स्वतः पारखून पाहा, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. संस्थेची निवड करताना ती अक्षरशः उपयोगी पडते. पालकांनी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही कागदावरच मागावीत.

एक, हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होईल का, आणि कोणत्या नावाने? दोन, संस्थेचे नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या व राज्य परिषदेच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का? जुन्या वर्षाचे पत्र दाखवले तर ते पुरेसे मानू नये. तीन, पदवी कोणत्या विद्यापीठाची? चार, संस्थेचे स्वतःचे रुग्णालय किती खाटांचे आहे? जी.एन.एम. व बी.एस्सी.साठी १०० खाटांचे मूळ रुग्णालय हा परिषदेचा निकष आहे. पाच, त्या खाटांवर रुग्ण असतात का? हा प्रश्न विचारण्यापेक्षा स्वतः वॉर्डात फेरी मारून यावे. रिकाम्या खाटा माहितीपत्रकात दिसत नाहीत. सहा, शिक्षक किती? दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण अपेक्षित आहे. सात, शिक्षण शुल्क, वसतिगृह, गणवेश, परीक्षा शुल्क व अनामत रक्कम धरून सर्व वर्षांचा एकूण खर्च किती?

आपल्या भागातील अनेक मुली सीमेपलीकडे बेळगाव किंवा बेंगळुरूला शिकायला जातात. तेथे शिकण्यात गैर काही नाही. परंतु परराज्यात शिकल्यास नोंदणी प्रथम त्या राज्याच्या परिषदेकडे होते आणि मग ती महाराष्ट्रात आणावी लागते. ही प्रक्रिया त्या संस्थेच्या माजी विद्यार्थिनींना कितपत सुलभ गेली, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

परदेशात असलेल्या भगिनींसाठी

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरच्या पदव्युत्तर पदव्या ऑनलाइन मिळतात, ही गोष्ट खरी आहे. तथापि तेथेही केवळ सैद्धांतिक भाग ऑनलाइन असतो. अलीकडच्या राष्ट्रीय मानकांनुसार किमान ७५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवा मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करावी लागते. त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा आणि मग राज्याचा परवाना. मुळात प्रवेशासाठीच अमेरिकेतील परिचारिकेचा परवाना लागतो, आणि तो मिळवण्यासाठी 'एनक्लेक्स' ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. त्यामुळे येथे बसून तेथील ऑनलाइन पदवी घेण्याची कल्पना व्यवहारात टिकत नाही.

ज्या भगिनी तेथे परवानाधारक म्हणून काम करत आहेत, त्यांनी चार गोष्टी तपासाव्यात. विद्यापीठाच्या नर्सिंग कार्यक्रमाला अधिकृत मूल्यांकन संस्थेची मान्यता आहे का? आपण राहतो त्या राज्यातील विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची मुभा त्या विद्यापीठाला आहे का? प्रात्यक्षिकासाठी मार्गदर्शक विद्यापीठ मिळवून देते, की तो विद्यार्थ्यालाच शोधावा लागतो? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अस्पष्ट असेल तर पदवी रखडण्याचा धोका मोठा असतो. आणि चौथे, कुटुंब आरोग्य, मनोविकार, अतिदक्षता यांपैकी निवडलेल्या शाखेच्या प्रमाणन परीक्षेत त्या संस्थेचे किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात?

आर्थिक आधार आणि कागदपत्रे

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा उभी केली. १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह त्याच परंपरेतले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीचे. शिक्षणाला निवाऱ्याची आणि अन्नाची जोड हवी, हा त्यांचा विचार आजच्या योजनांतही दिसतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशातील नामांकित विद्यापीठांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. या सर्व योजना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच लागू होतात, हेही पारखण्याचे एक साधन आहे. शिष्यवृत्तीचा विषय काढताच जी संस्था टाळाटाळ करते, तिच्या मान्यतेची दुप्पट चौकशी करावी.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे मुलगी अकरावीत असतानाच तयार ठेवावीत. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो आणि त्यासाठी कित्येकदा हाती आलेला प्रवेश हुकतो.

पन्हाळ्याच्या वाड्यांसाठी

शेवटी आपल्या परिसराकडे वळू. गडापासून कोल्हापूरचे सी.पी.आर. रुग्णालय सुमारे वीस किलोमीटरवर आहे. बाजार भोगावच्या बाजूच्या वाड्यांना ते याहून दूर पडते आणि पावसाळ्यात तर हे अंतर अधिकच वाढल्यासारखे होते. डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. २०१८ पासून अशा उपकेंद्रांत 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे पद आले. आयुर्वेदाच्या पदवीधरांबरोबर बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही ते खुले आहे. हे पद कंत्राटी आहे, याची कल्पना असावी. तरीही रक्तदाब, मधुमेह, गरोदर मातांची तपासणी, प्राथमिक औषधे हे सारे या पदावरील व्यक्ती गावातच पाहते. कोलोरॅडोतील दोघांनी साठ वर्षांपूर्वी जे योजले, त्याच्या सर्वांत जवळ जाणारे आपल्या तालुक्यातील काम हेच आहे.

शासकीय रुग्णालयांत आणि उपकेंद्रांत परिचारिका असलेल्या आपल्या माजी विद्यार्थिनींनी वर्षातून एक रविवार शाळेसाठी द्यावा, आपली नोंदणीपत्रे सोबत आणावीत आणि अकरावी-बारावीच्या मुलींना व त्यांच्या आई-वडिलांना ती प्रत्यक्ष दाखवावीत, अशी आमची विनंती आहे. खरे नोंदणीपत्र कसे असते हे एकदा पाहिलेला पालक जाहिरातीला सहसा भुलणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!