नवी डिस्क रिकामी, तरी सर्व्हर म्हणतो 'जागा नाही'!

लग्नाच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून द्यायचं आमचं काम. फाइल्स घरच्या मीडिया सर्व्हरवर. नवी डिस्क लावली, तरी कॉपी अडकली आणि ग्राहक दारात उभा!

लिनक्सवरचं 'मर्जरएफएस' अनेक डिस्क एकत्र दाखवतं, पण जुना माल आपणहून नव्या रॅकवर हलवत नाही. माझी सेटिंग होती 'ईपीएमएफएस', म्हणजे फोल्डर आधीपासून जिथे आहे त्याच डिस्कवर नवी फाइल. ती तर भरलेली! 'एमएफएस' केल्यावर फाइल सर्वात रिकाम्या डिस्कवर जायला लागली.

'मिनफ्रीस्पेस' तुमच्या सर्वात मोठ्या फाइलपेक्षा जास्त ठेवा. आणि हा बॅकअप नाही बरं का! डिस्क गेली, तर तिच्यावरचं काम गेलं. ग्राहकाच्या आठवणींची दुसरी कॉपी वेगळी ठेवाच.