गावाची माणूस

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याचा आग्नेय टोकाचा तालुका. बीड, धाराशिव आणि सोलापूर अशा तीन दुष्काळी जिल्ह्यांच्या शिवा त्याला लागून आहेत. जमीन कोरडवाहू, पीक ज्वारीचे, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग हे इथले जुने दृश्य. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली इथे आले, तेव्हा जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत शिकून, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतलेले. त्यांच्या ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पा’तून गावाने स्वतःचे आरोग्य सांभाळण्याची जी रीत बसली, तिची दखल पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घेतली. संघटनेने 1975 साली लोकसहभागाच्या प्रयोगांवर एक पुस्तक काढले. त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. प्राथमिक आरोग्यसेवेचा अल्मा-आटा जाहीरनामा त्यानंतर तीन वर्षांनी, 1978 मध्ये आला.

दवाखाना चालवणे अवघड नव्हते. रोगी रांग लावून येत. अडचण वेगळीच होती. हगवणीने सुकलेले मूल सलाइन देऊन बरे करून घरी पाठवावे, तर तेच मूल महिन्याभरात तोच आजार घेऊन पुन्हा दारात. पाणी तेच, घरातले खाणे तेच, आणि ‘ढाळ लागलेल्या पोराला पाणी पाजू नये’ ही समजूतही तीच. नवजात बाळांना धनुर्वात होई, कारण नाळ विळ्याने किंवा हाती लागेल त्या पात्याने कापली जाई. बाळंतिणीचे पहिले चीकदूध पिळून टाकून देत. हाडांचा सापळा झालेले मूल देवीच्या कोपात सापडले असे मानत. 1971 च्या सुमारास या भागात हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत. त्यातल्या बहुतेक मृत्यूंवर ऑपरेशन थिएटर हा उपाय नव्हताच.

पहिला तोडगा चुकला. प्रशिक्षित नर्सबाईंना गावात राहायला पाठवायचे ठरले. त्या शहरात शिकलेल्या, तरुण, एकट्या; त्यांना गावात राहायची भीती वाटे आणि गावातल्या बायकांना त्यांचे बोलणे परके. लेकुरवाळ्या बाईला बिनलग्नाच्या मुलीने बाळ सांभाळायला शिकवावे, हे कुणाच्या पचनी पडेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असा विचार पुढे आला. त्यातून आली ग्राम आरोग्य सेविका. बहुतेक जणी चाळिशीच्या आसपासच्या, अनेक दलित किंवा भूमिहीन घरांतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, आणि जवळपास सगळ्या निरक्षर. पण त्यांनी स्वतः पोरे वाढवली होती, काही गमावलीही होती. गावातल्या कुठल्या घरात कोण गरोदर आहे आणि कुठल्या सुनेला पोटभर मिळत नाही, हे त्यांना विचारावे लागत नसे.

प्रशिक्षणाची पद्धत त्यांच्या बेताची होती. दर आठवड्याला सगळ्या जणी जामखेडला जमत, तिथेच मुक्काम करीत. वही-पेन्सिलीचे काम कमी. आठवड्यात गावात काय घडले ते एकेकीने सांगायचे, त्यावर चर्चा, मग एखादा नवा विषय, आणि तो दुसऱ्या दिवशी एकमेकींना परत समजावून सांगायचा. जेवण एका पंगतीत, झोपणे एका खोलीत. सुरुवातीला काही जणींना हे जड गेले. सवर्ण बाईने दलित बाईच्या शेजारी बसून जेवणे, ही गोष्ट त्या काळी गावात घडत नव्हती. आरोळ्यांनी जातीवर व्याख्यान दिले नाही. क्ष-किरणाच्या फिल्मवर कुणाच्या बरगड्या कोणत्या जातीच्या हे ओळखता येत नाही, एवढे दाखवून दिले की पुरे होई.

सेविकेच्या पिशवीत फार काही नसे. बाळंतपणासाठी निर्जंतुक पाते, नाळ बांधायला दोरा, जाळीचा स्वच्छ तुकडा. काही मोजकी औषधे. हगवणीवरचा उपाय तर पिशवीत ठेवायचीही गरज नव्हती: उकळून गार केलेले पाणी, मीठ, साखर किंवा गूळ. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झाले. हे मोजमाप कुठल्याही आईला कळते आणि विसरता येत नाही.

मात्र आरोळ्यांचा खरा शहाणपणा औषधाच्या बाहेर दिसतो. सेविका एकटी पडली असती तर टिकली नसती. म्हणून गावोगाव आधी पुरुषांची शेतकरी मंडळे उभी राहिली, नंतर महिला मंडळे. मंडळांची सुरुवात कित्येक ठिकाणी आरोग्यापासून झालीच नाही. तरुणांनी व्हॉलीबॉल खेळायला जमावे, मग बियाणे, बांधबंदिस्ती, झाडे यांवर बोलावे, अशी ती वाट होती. 1972 च्या दुष्काळात पाणी हाच आरोग्याचा पहिला प्रश्न ठरला. बोअर घेताना बरेचसे हातपंप दलित वस्तीत किंवा तिच्या कडेला बसवले गेले. तहान लागलेल्या गावाला त्या वस्तीत घागर घेऊन जावेच लागले. विटाळाच्या रूढीवर इतका गाजावाजा न करता घातलेला घाव क्वचितच सापडेल. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली, तिथेही सगळ्यांची पोरे एका ओळीत बसत आणि धान्य-भाजीचा काही भाग मंडळाच्या शेतातून येई.

रचना तीन पायऱ्यांची होती. तळाला गाव आणि त्याची सेविका. मधे फिरते पथक. त्यात नर्स, समाजकार्यकर्ता आणि कधी डॉक्टर असत. हे पथक सेविकेच्या घरी जाई, तिच्या सोबत गावात फिरे आणि लोकांसमोर तिचा सल्ला घेई. वर जामखेडचे रुग्णालय. एखादी अडलेली बाळंतीण सेविकेने पाठवली तर तिथे तिला तातडीने पाहत. त्यामुळे गावात सेविकेचा शब्द वाढे. कुष्ठरोग आणि क्षय यांच्यासाठी वेगळी छावणी न काढता ते रोगीही याच साखळीत आणले गेले. चट्टा ओळखणारी बाई रोज त्याच गल्लीतून जाणारी असल्यामुळे रोग लवकर सापडे आणि रोग्याला गाव सोडावे लागत नसे.

1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रकल्पाच्या गावांतला अर्भकमृत्यूदर हजारी पंचविशीच्या आसपास आला होता. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रजनीकांत आरोळ्यांना 1990 मध्ये पद्मभूषण. आकडा पाहून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. त्या पंचवीस वर्षांत साऱ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू घटले, रस्ते झाले, लसी आल्या. मग या घटीत प्रकल्पाचा वाटा किती, याची छाननी करणारा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्पाची गावे आणि आसपासची इतर गावे यांची त्यात तुलना होती. पहिला महिना पार केलेल्या मुलांच्या मृत्यूची शक्यता प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाली. फायदा खरा होता, पण तो पहिल्या महिन्यानंतरचा. जन्मानंतरचे पहिले काही दिवस हा वेगळाच किल्ला होता.

तो किल्ला गडचिरोलीत लढवला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था तिथे 1986 पासून काम करते. आधी त्यांनी मुलांच्या न्यूमोनियाला हात घातला. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावे लागते, आणि ज्या सुईणींनी हे करायचे त्यांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. दहापर्यंत येत होते. म्हणून एक साधे यंत्र तयार झाले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वरची ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, तिच्यात पाच हिरवे मणी आणि एक लाल. खालची मोठ्या बाळासाठी, चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. आकडेमोडीचे सगळे ओझे मण्यांनी उचलले आणि निर्णय सुईणीच्या हाती राहिला.

पुढे 1990 च्या दशकात नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत झाला. तुलनेसाठी दुसरी 47 गावे होती. आरोग्यदूत म्हणून निवडलेल्या गावातल्या बायका बाळंतपणाला हजर राहत, घुसमटलेल्या बाळाला श्वास देत, वजन करीत, बाळाला ऊबदार ठेवत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर आईवडिलांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. इंजेक्शनाच्या मुद्द्यावर डॉक्टर मंडळींच्या भुवया वर गेल्या. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले होते.

असे काम देशभर पसरवायचे कसे, हा प्रश्न सरकारपुढे दोनदा आला. पहिली खेप गडचिरोलीच्या आधीची, 2 ऑक्टोबर 1977 ची. हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना 50 रुपये मानधन अशी योजना केंद्राने सुरू केली. कागदावर ती जामखेडसारखीच होती. पण निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, आणि तेही पुढाऱ्यांच्या मर्जीतले. त्यांना बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश नव्हता. औषधे वेळेवर येईनात, मानधन वाढेना, आणि आरोग्यरक्षक हळूहळू स्वतःला सरकारी नोकर समजू लागले. कालांतराने मागे उरल्या त्या संघटना आणि कोर्टकज्जे. योजनेला पैसा कमी पडला हे खरे, पण मूळ दुखणे निवडीत होते. गावाने आपला म्हणून कुणाला उभे केलेच नव्हते.

उलट बाजूचाही धोका असतो. रायगड जिल्ह्यात मांडव्याला डॉ. नो. ह. अंतिया यांनी गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकवले. काम चांगले चालले, बायका शहाण्या झाल्या, प्रश्न विचारू लागल्या. स्थानिक पुढाऱ्यांना नेमके तेच खुपले आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. जामखेडला आधी मंडळे बांधण्यात गेलेली वर्षे वाया का गेली नाहीत, ते मांडव्याकडे पाहिले की कळते.

दुसरी खेप 2005 ची. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही गावपातळीवरची आरोग्यसेविका आली. या वेळी ती बाईच असावी, त्याच गावची सून किंवा रहिवासी असावी, हे नियमातच होते. आज देशात दहा लाखांच्या आसपास आणि महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या घरात आशा आहेत. गडचिरोलीची नवजात-काळजी 2011 पासून त्यांच्या कामाचा भाग झाली. बाळंतपण दवाखान्यात झाले तर सहा, घरी झाले तर सात गृहभेटी, जन्मापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. इंजेक्शन मात्र त्यातून वगळले गेले.

आशांनी पुष्कळ साधले. संस्थेतली बाळंतपणे वाढली, लसीकरण वाढले, करोनाच्या काळात दारोदार फिरून ताप मोजणारी हीच बाई होती. पण तिच्या मोबदल्याचा काही भाग ठरतो कामागणिक, आणि कामाची यादी येते वरून. तिचा दिवस नोंदवह्या, मोबाइलवरचे फॉर्म आणि आरोग्य केंद्रातल्या बैठका यांत जातो. जामखेडच्या सेविकेने गावात काय घडले ते जामखेडला सांगायचे असे. आशाने बहुतेक वेळा जिल्ह्यात काय ठरले ते गावाला सांगायचे असते. मानधनासाठी तिला मुंबईत आझाद मैदानावर ठिय्या द्यावा लागतो, तेव्हा तिच्या मागे तिचे गाव उभे दिसत नाही, तिच्यासारख्याच हजारो आशा दिसतात.

गावाला पुन्हा या गोष्टीत आणण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात 2007 पासून ‘लोकाधारित देखरेख’ या नावाने झाला. सुरुवात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे त्याचे समन्वयन होते. गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती दर काही महिन्यांनी एक प्रगतिपुस्तक भरते. परिचारिका ठरल्या दिवशी आली का? उपकेंद्रात औषध होते की बाहेरची चिठ्ठी दिली? कुणी पैसे मागितले का? उत्तरांवरून रंग ठरतो. तीनचतुर्थांशाहून जास्त गुण असतील तर हिरवा, निम्म्यापर्यंत पिवळा, त्याखाली लाल. मग तालुक्याला जनसुनवाई भरते. मंचावर आरोग्य अधिकारी, समोर शे-दोनशे माणसे. एखादी आदिवासी बाई उठून, मुलाला घेऊन किती कोस चालले आणि दार कसे बंद होते ते सांगते. अधिकाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते.

सगळे प्रश्न सुनवाईत सुटत नाहीत. रिक्त पदे भरणे तालुक्याच्या हाती नसते, आणि काही अधिकारी पुढच्या वेळी यायचेच टाळतात. पण बाहेरून औषध आणायला लावणे, दवाखान्यात मागितले जाणारे चहापाण्याचे पैसे, कुलूपबंद उपकेंद्र अशा गोष्टी, ज्यांना निधी लागत नाही, त्या बऱ्याच ठिकाणी सुधारल्या. भरलेले प्रगतिपुस्तक गावात चारचौघांना दिसेल अशा जागी, ग्रामपंचायतीच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर लावतात. पुढच्या फेरीचे त्याच्या शेजारी लागते, आणि पाणी भरायला जाणाऱ्या बायका लाल चौकोन किती उरले ते मोजतात.