वजन उतरविण्याचा हिशेब

गेल्या वर्षींच्या आषाढांत वडखळच्या नाक्यावर आम्ही भर दुपारीं कोसळलों, ही गोष्ट आमच्या बहुतेक स्नेह्यांस ठाऊक आहे. तिचें कारण मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. अलिबागच्या गाडीची वाट पाहत आम्ही उभे होतों. प्रथम हात कांपूं लागले, मग दरदरून घाम फुटला, आणि समोरच्या वड्यांच्या दुकानाची पाटी डोळ्यांपुढें तरंगूं लागली. 'मास्तरांस ऊन लागलें' असा निर्णय जमलेल्या मंडळींनीं दिला. आभाळ भरलेलें, रिमझिम चालू. ऊन कोठलें लागतें! सुदैवानें तेथील एका चहावाल्याची आई मधुमेही असल्यामुळें त्यास ही खूण ओळखतां आली. त्यानें पेलाभर पाण्यांत साखर ढवळून आमच्या तोंडास लावली, आणि अर्ध्या घटकेंत आम्ही सावध झालों. आम्ही शुद्धीवर होतों म्हणून हा उपाय चालला. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडांत पाणी किंवा साखर कधींही घालूं नये, हें येथेंच सांगून ठेवितों.

खरी गोष्ट अशी कीं, आम्ही वजन उतरवीत होतों. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो. रक्तांत साखर निघालेली, तिजवर गोळी चालू. एका आप्तानें मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें कीं, सकाळचें जेवण सोडा, रात्रीं थोडें फळ घ्या, महिन्यांत दहा किलो उतरतील. आम्ही जन्मभर मुलांस शिस्त शिकविलेली. मग स्वतःस शिस्त लावण्यांत कमी कसे पडूं? सहा दिवसांत साडेतीन किलो उतरले, आणि सातव्या दिवशीं वर सांगितलेला प्रसंग घडला.

पेणचे आमचे डॉक्टर वयानें आमच्या विद्यार्थ्यांएवढे, पण त्या दिवशीं त्यांनीं आम्हांसच बांकावर उभें केलें. "मास्तर, गोळी चालू ठेवून जेवण बंद केलेंत, आणि मला एका शब्दानें विचारलेंत नाहींत?" मधुमेहाच्या कांहीं गोळ्या स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावितात. पोटांत अन्न आहे कीं नाहीं, हें त्या गोळीस काय ठाऊक? अन्न नसलें कीं रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं जाते. आणि ते साडेतीन किलो? त्यांत चरबी थोडी, पाणीच फार. शरीर जी साखर यकृतांत व स्नायूंत साठवितें, तिच्याबरोबर पुष्कळ पाणी धरून ठेवितें. जेवण तोडतांच तो सांठा संपतो आणि पाणी निघून जातें. मनुष्यास वाटतें, चरबी वितळली. पुढें उपासमार लांबली तर स्नायु झिजतात. फार झपाट्यानें वजन उतरविणाऱ्यांस पित्ताशयांत खडे होण्याचाही संभव असतो. साठी उलटलेल्या माणसाचे स्नायु आधींच ओसरत असतात. ते आणखी घालवून हलकें होणें म्हणजे घराचे वांसे विकून छप्पर शाकारणें होय.

मग वजन उतरविण्याचा नाद सोडून कां दिला नाहीं, असें कोणी विचारील. त्यास कारण आमचे वडील बंधु. ते कोणाच्याही डोळ्यांस लठ्ठ दिसले नाहींत. हातपाय काटक, मान बारीक. फक्त सदऱ्याखालीं पोट पुढें आलेलें. 'हें सुखवस्तु घराचें लक्षण' असें आम्हीच त्यांस थट्टेनें म्हणत असूं. अठ्ठावन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें ते गेले, तेव्हां मधुमेहास बारा वर्षें झालेलीं होतीं.

त्या पोटाचा अर्थ आम्हांस फार उशिरां कळला. पुण्याच्या के.ई.एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं आपल्या लोकांच्या या विचित्र घडणीवर अनेक वर्षें संशोधन केलें आहे. त्यांचें व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें एक जोडछायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. दोघांचाही उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक अगदीं एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२! दिसावयास सडपातळ आणि आंतून स्थूल, अशी ही आपली जात. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकें इंग्लंडमधील बालकांहून वजनानें पुष्कळ कमी भरतात, तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानानें कमी झालेली नसते, असेंही त्यांच्या मंडळीस आढळून आलें. म्हणूनच आपणांकडे हा निर्देशांक २३ च्या वर गेला कीं वजन अधिक आणि २५ च्या वर गेला कीं स्थूलता, असें मानण्याचा प्रघात आहे. तो काढणें सोपें आहे: किलोंतील वजनास मीटरमधील उंचीनें दोनदां भागावें. आमचा साडेअठ्ठावीसच्या वर भरला. त्याहून सोपी परीक्षा शिंप्याच्या फितीची. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढें गेली असेल, तर वजनकांटा कांहींही म्हणो, सावध व्हावें. आमच्या बंधूंच्या कंबरेस कोणी फीत लाविली नाहीं.

आमच्या घराण्यांत खादाड असा कोणी झालेला नाहीं. तरीही हें शरीरांत सांठतें कोठून? वडखळांत वाढलेल्या माणसास याचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. आमच्या वडिलांचें ताट आम्हांस आठवतें: भाताची मूद मोठी, वालाचें बिरडें, वर तुपाची धार, आणि शेवटीं पुन्हां ताकभात. पण ते खारजमिनीच्या बांधांवरून रोज कोसभर जात, विहिरीचें पाणी स्वतः शेंदीत, पेणच्या बाजारास कैकदां पायींच निघत. ताट आम्ही तेंच ठेविलें. बांध मात्र सुटला. पूर्वीचा सतरा क्रमांकाचा आणि आतांचा सहासष्ट क्रमांकाचा महामार्ग घराजवळून गेला, अलिबागचा फांटा येथेंच फुटतो, त्यामुळें रिक्षा, एस्.टी., मोटार सदा दाराशीं उभी. शिवाय नाका म्हटला कीं वडापाव आणि चहा आलाच. एका वडापावांत सुमारें तीनशें उष्मांक, म्हणजे ज्यांस कॅलरी म्हणतात ते, असतात. तेवढे खर्चावयास साधारण वजनाच्या माणसास तासभर झपझप चालावें लागतें. वडा पांच मिनिटांत संपतो.

एस्.टी.चा उल्लेख आला म्हणून सांगतों. १९५३ साली लंडनमध्यें डॉ. जेरी मॉरिस यांनीं तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाच गाडीवर दोन माणसें: चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढत उतरत असलेला. वाहकांत हृदयविकाराचें प्रमाण कमी आढळलें. पुढें १९५६ साली त्यांनीं त्यांच्या गणवेषाच्या पाटलोणींचीं मापें तपासलीं, तों चालकांच्या कंबरा मोठ्या! पण या चतुर गृहस्थांनीं हेंही नमूद केलें कीं, तरुण चालकांच्या पाटलोणीही वाहकांपेक्षां सैलच होत्या. म्हणजे कांहीं फरक नोकरी धरण्यापूर्वींचाच असावा. आपल्याच सिद्धान्तावर असा आक्षेप स्वतः नोंदविणारा मनुष्य आम्हांस फार आवडतो.

आतां हिशेब. पिष्टमय पदार्थाच्या वा प्रथिनाच्या एका ग्रॅमपासून चार आणि स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून नऊ उष्मांक मिळतात; अमेरिकेंतील अ‍ॅटवॉटर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें मोजून ठरविलें. बैठ्या कामाच्या साधारण पुरुषास दिवसाकाठीं सुमारें २,१०० आणि स्त्रीस सुमारें १,६५० उष्मांक पुरतात, असें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचें मान आहे. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक. तेव्हां रोज पांचशें उष्मांकांची तूट ठेविली, तर आठवड्यास अर्धा किलोच्या आसपास उतरावें. डॉक्टरांनीं प्रथम गोळी बदलली, मग हा आंकडा कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, "यापेक्षां घाई करावयाची नाहीं."

तो कागद घेऊन आम्ही स्वयंपाकघरांत गेलों, आणि खरें संकट तेथें उभें राहिलें. चाळीस वर्षें जिनें वाढलें तिला, 'कमी वाढ' असें कसें सांगावें? आमच्या सौभाग्यवती कांहीं वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अहो, सरळ सांगा ना, माझ्या हातचें आतां नकोसें झालें." आम्ही कागद पुढें केला. त्यांनीं तो वाचला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों तांदूळ तराजूंत! दोन वेळचा मिळून आमच्या एकट्याचा तांदूळ अडीचशें ग्रॅम भरला. शंभर ग्रॅम तांदुळांत साडेतीनशें उष्मांक. म्हणजे भातच पावणेनऊशेंचा. तो १७० ग्रॅमांवर आणला, तेव्हां २८० वांचले. चहा चार वेळां, प्रत्येकीं दोन चमचे साखर. एका चमच्यांत वीस उष्मांक धरिले तर साखरेचेच १६०. साखर सोडली. प्रारंभीं पंधरा दिवस तो चहा काढ्यासारखा लागला, हें नाकारीत नाहीं. तूप तीन चमच्यांवरून एकावर आलें, त्याचे ९०. एकूण ५३०. त्यांतून वालाची वा मटकीची उसळ आणि ताक यांचे १२० परत दिले. कारण प्रथिनें कमी पडलीं तर स्नायु झिजतात, आणि पोट भरलेलें नसलें तर मनुष्य चोरून खातो. उरली तूट ४१०. बाकीची चालण्यानें भरली.

आमच्या भगिनींस आवर्जून सांगावेंसें वाटतें कीं, उपासानें हा हिशेब बहुधा बिघडतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कोणी तरी साबुदाण्याची खिचडी डोळ्यांपुढें ठेवूनच केली असावी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यांत शेंगदाण्याचें कूट, बटाटा आणि तूप. साध्या वरणभातापेक्षां ती भारी पडते. व्रत करावयाचें तर श्रद्धेनें करावें, वजनाच्या नांवाखालीं करूं नये. आणि गर्भवती, लेंकुरवाळ्या व वाढत्या वयाचीं मुलें यांनीं हा तराजू हातींच धरूं नये.

दोनच वेळां जेवावें कीं थोडें थोडें अनेक वेळां खावें, यावर महाराष्ट्रांत मोठे पक्ष पडले आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं पंचावन्न मिनिटांचीं दोन जेवणें सांगितलीं, तीं घरोघर पोंचलीं. ऋजुता दिवेकर थोडें थोडें आणि घरचें खावयास सांगतात. दोन्ही मार्गांनीं उतरलेले लोक आमच्या पाहण्यांत आहेत. आमच्या मतें ज्यास ज्या मार्गानें दिवसाची बेरीज कमी ठेवितां येते, त्यास तो मार्ग बरा. मात्र मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून एकही जेवण गाळूं नये. नाक्यावरील बांक आम्हांस अजून आठवतो.

चरकसंहितेंतील स्थूलांचा अध्याय आम्ही पाठशाळेंत असतांना केवळ भाषेसाठीं वाचला होता. आतां पोटासाठीं वाचला. स्थूलतेच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोंप यांबरोबर बीजस्वभावही दिला आहे, म्हणजे आनुवंशिकता आचार्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती. उपाय असा कीं, अन्न जड असावें पण पुष्ट करणारें नसावें. हें कोडें आम्हांस विद्यार्थिदशेंत सुटलें नव्हतें. उसळीची वाटी पुढें आली तेव्हां सुटलें. पोट भरावें, सांठा मात्र वाढूं नये. व्यायामही अर्ध्या शक्तीनेंच करावा, असें जुन्या वैद्यांचें सांगणें. आजचे डॉक्टर म्हणतात, चालतांना बोलतां यावें पण गातां येऊं नये. मर्यादा जवळ जवळ तीच.

आम्ही पहाटे चाळीस मिनिटें चालतों; महामार्गावर नव्हे, तेथें अवजड गाड्यांचा धूर व धोका दोन्ही, तर आंतल्या वाटेनें शेतांकडे. आठवड्यास दीडशें मिनिटें चालावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, तें सहज भरतें. स्नायूंसाठीं सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ते आपल्या संस्थानांतील शाळांत घालावयास लाविले. आम्ही आमच्या वर्गांत मुलांकडून घालून घेतले आणि स्वतः खुर्चीवर बसून मोजले! आतां त्याचें प्रायश्चित्त चालू आहे. चारांपासून आरंभ केला, आज बारा होतात. गुडघे दुखणाऱ्यांनीं खुर्चीवरून हात न टेंकतां उठावें व बसावें. दहा वेळां केलें तरी मांड्यांस कळतें.

आतां अकरा महिने झाले. केवळ गणित मांडलें तर एकवीस किलो उतरावयास हवे होते. प्रत्यक्षांत उतरले आठ. शरीर हलकें झालें कीं त्याचा खर्चही कमी होतो, हें एक कारण. गणपति, दिवाळी आणि पुतणीचें लग्न हें दुसरें. पौषांत तर सहा आठवडे कांटा जागचा हलला नाहीं. त्या दिवसांत आम्ही चिडलेले असूं आणि त्याचा ताप घरांतल्यांस झाला. पण फितीनें धीर दिला: कंबर १०२ वरून ९४ वर आलेली आहे. रक्तांतील साखर खालीं आल्यावर डॉक्टरांनीं गोळी अर्धी केली. कांटा आम्ही आठवड्यांतून एकदांच, रविवारीं सकाळीं पाहतों. रोज पाहणाऱ्यास मिठाच्या व पाण्याच्या चढउतारानें उगाच हर्ष आणि खेद होतो.

यंदाच्या चतुर्थीचा प्रश्न आतां घरांत निघाला आहे. गेल्या वर्षीं अकरा मोदक झाले होते, असें सौभाग्यवतींचें म्हणणें. आमच्या मतें नऊ. एका उकडीच्या मोदकास तुपासकट दीडशें उष्मांक धरावेत असें आम्ही सुचविलें, तेव्हां त्यांनीं पेन्सिल घेतली, कागदावर कांहीं आंकडे मांडले आणि सांगितलें, "तीन. आणि त्या दिवशीं भात नाहीं." आम्ही चारांवर तडजोड मागितली आहे, उत्तर अद्याप आलेलें नाहीं.