बट्टा कोणाच्या पदरी?

‘नावाला बट्टा लागला’ असे मराठी माणूस आजही म्हणतो. हाच शब्द एके काळी सराफाच्या पेढीवर नित्य ऐकू येई. नाण्याच्या अंकित मूल्यातून जी रक्कम कापली जाई, ती म्हणजे बट्टा.

खानदेशात या बट्ट्याला भरपूर वाव होता. इ. स. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेऊन फारुकी सत्ता संपविली. पुढे तापीकाठच्या बऱ्हाणपुरास मोगलांची टांकसाळ चालली. मराठी अमदानीत नाशिक-धुळे मार्गावरील चांदवडच्या टांकसाळीतून ‘चांदोरी’ रुपये निघत. सत्ता होळकरांची, परंतु नाण्यावर नाव दिल्लीच्या शहा आलम बादशहाचे! कारण उघड आहे. लोकांचा विश्वास परिचित नाममुद्रेवर असतो, तो एका दिवसात पालटत नाही.

तथापि नाममुद्रेने भागत नसे. रुपयाचे मोल मुख्यतः त्यातील चांदीवर ठरे. नाणे झिजले, जुने झाले, परमुलखातील निघाले, की सराफ ते कसोटीवर पारखून बट्टा कापी.

मध्ययुगीन युरोपातही हेच घडत होते. एक पौंड चांदीचे २४० पेनी, हा शार्लमेनच्या काळापासूनचा हिशेब. पण पुढे सरदार आणि धर्मगुरूही आपापली नाणी पाडू लागले. बाराव्या शतकात जर्मनीतील मॅग्डेबर्ग येथे जुनी चार नाणी देऊन नवी तीनच पदरात पडत. नाणी बदलून देणारे ज्या बाकावर बसत, त्याच्या इटालियन नावावरूनच ‘बँक’ हा शब्द आला.

या व्यवहारात व्यापारी सहसा बुडत नसे. बट्ट्याचा भाव त्याला ठाऊक असे. बुडे तो कुणबी. बाजारात मिळेल ते नाणे त्याने घ्यावे आणि सरकारने मागितलेल्या नाण्यात सारा भरावा. वसुलीच्या हिशेबात बट्टा ही वेगळी बाबच असे.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळा वजनाचा, एकच रुपया ठरला. कंपनीने हे आपल्या सोयीसाठी केले, यात शंका नाही. परंतु ज्याला चांदी पारखता येत नाही, त्याच्याही हातात पूर्ण मोलाचे नाणे पडावे, हा न्याय त्यातून साधला. चलनाची खरी कसोटी सराफाच्या पेढीवर लागत नाही. ती अडाण्याच्या ओंजळीत लागते.